साल म्हणजे मीठ, पेला म्हणजे सोल



संयोजकांनी मला फोन करून विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग'. मी म्हटलं, या विषयावर बोलायला आपल्या तुकडीत किमान पाच जण आहेत आणि ते न बोलावताही बोलतील. मला कांदा-टोमॅटोवर बोलू द्या. फोनवर जरा शांतता पसरली. मग 'बरं, पण वीस मिनिटांत आवर', असं उत्तर आलं. घड्याळ समोरच आहे, तेव्हा सुरू करते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. २०२१ च्या अखेरीस कंपनीने मला मेक्सिकोत ग्वादालाहाराला पाठवलं. ही हालिस्को राज्याची राजधानी. संगणक उद्योगामुळे तिला मेक्सिकोची सिलिकॉन व्हॅली म्हणतात आणि आपल्याकडच्या कंपन्यांचीही कार्यालयं तिथे आहेत. त्यामुळे आमच्या आसपास मराठी घरं नऊ होती. मी तिथे तीन वर्षं राहिले. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. जायच्या आधी सहा महिने स्पॅनिश शिकले होते, उरलेलं तिथे कामातून जमलं. अडचण ऑफिसात जाणाऱ्यांची नव्हतीच. ती होती त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांची. कुणी पुण्याची नोकरी सोडून आलेली, कुणी शिक्षिका, कुणाची सासू सहा महिन्यांसाठी आलेली. दुपारी घराबाहेर पडायचं म्हटलं की यांच्या पोटात गोळा. नवरा संध्याकाळी आला की मगच भाजी.

त्यांत नांदेडकडची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीतली, पण माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणायची. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी होती. आता आपल्याकडे शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उसळीत कूट, खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. सासरी कुणाचा विश्वासच बसायचा नाही, 'दाण्यानं कुणाला काही होतं का?' असं चालायचं. परदेशात निदान हा त्रास कमी होईल असं तिला वाटलं होतं. फोनवरच्या एका अ‍ॅपमधून तिने शेंगदाण्याचा स्पॅनिश शब्द पाठ केला होता, 'मानी'. एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानात तिने मुलासाठी एक गोड वडी उचलली आणि दुकानदाराला विचारलं, 'मानी?' त्याला वाटलं, बाई इंग्रजीत पैसे विचारताहेत. त्याने बोटांनी किंमत दाखवली. तिने पैसे दिले.

त्या वडीचं नाव मासापान. आपल्या एका शाकाहारी मावशी हे नाव ऐकूनच दचकल्या होत्या, पण त्यात मासा नसतो आणि पानही नसतं. मेक्सिकोतलं मासापान म्हणजे शेंगदाणे आणि पिठीसाखर. म्हणजे आपला दाण्याचा लाडू, फक्त चपटा आणि बोट लावलं तरी भुगा होणारा. मुलाने एक घास खाल्ला. ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. रात्र दवाखान्यात गेली. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून पहाटे तो बिस्किट मागत उठून बसला.

आठ दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'ताई, मला स्पॅनिश नको. मला चाळीस शब्द द्या. पण असे द्या की झोपेतून उठवलं तरी तोंडात आले पाहिजेत.'

यादी द्यायला दोन मिनिटं लागली असती. यादी तिच्याकडे होतीच, रंगीत चित्रांसकट. आणि 'मानी' हा शब्द चुकीचा होता असंही नाही. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच देशांत तोच चालतो. मेक्सिकोत मात्र शेंगदाण्याला म्हणतात 'काकावाते'. यादीतल्या शब्दाला गाव नसतं, दुकान नसतं. मी विचार करायला लागले, की झोपेतून उठवलं तरी येतील असे परक्या भाषेतले शब्द माझ्याकडे कोणते आहेत? उत्तर आलं ते आपल्या शाळेच्या मैदानावरून. 'सावधान! विश्राम! दहिने मूड! बाए मूड!' पीटीच्या सरांनी आपल्याला 'मूड' हे क्रियापद कधी चालवून दाखवलं? त्याचा अर्थ वहीत लिहून घेतला? सर ओरडले, पाय वळले. सर, आजही तुम्ही मागून ओरडलात तर इथले शंभर जण दहिने वळतील. (सर हसताहेत, म्हणजे त्यांच्या मनात तेच आहे.)

नंतर मला कळलं की या पद्धतीला रीतसर नाव आहे. जेम्स अ‍ॅशर हे कॅलिफोर्नियातल्या सॅन होसे स्टेट विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६० च्या दशकात त्यांनी 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' नावाची पद्धत मांडली. शिकवणाऱ्याने आज्ञा द्यायची, शिकणाऱ्याने ती अंगाने पाळायची. बोलायची सक्ती नाही. लहान मूल आधी 'बॉल दे', 'इकडे ये' हे ऐकून करायला लागतं आणि बोलतं कितीतरी नंतर, हा त्यामागचा विचार. अ‍ॅशर यांचे विद्यार्थी उठायचे, बसायचे, दाराकडे चालायचे. मी म्हटलं, आपल्या बायका दाराकडे चालून काय करणार? यांच्या हातात चाकू द्यावा.

तर पहिला वर्ग एका शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात भरला. सात बायका, दोन मुलं आणि 'मी नुसता बसतो' म्हणत आलेला एक नवरा. ओट्यावर कांदे, टोमॅटो, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबं, मीठ. यातून जे होतं त्याला मेक्सिकोत 'पिको दे गायो' म्हणतात. बारीक चिरलेलं सगळं एकत्र करायचं, लिंबू पिळायचं. दही आणि कूट न घातलेली कोशिंबीरच ती. पदार्थ मुद्दाम असा निवडला की तो कसा करायचा हे कुणाला सांगावं लागू नये. हात आधीच शहाणे होते, नवे होते फक्त शब्द.

नियम एकच. पहिला अर्धा तास कुणी स्पॅनिश बोलायचं नाही. मी बोलणार, आधी स्वतः करून दाखवणार, मग तुम्ही करायचं. 'लावा' म्हणजे धू. 'पेला' म्हणजे सोल. 'कोर्ता' म्हणजे काप. 'पिका' म्हणजे बारीक चीर. 'एक्सप्रीमे' म्हणजे पिळ. 'पोन' म्हणजे घाल, 'दामे' म्हणजे मला दे, 'मेस्क्ला' म्हणजे कालव, 'प्रुएबा' म्हणजे चाखून बघ.

आता यातले निम्मे शब्द मराठी कानाला भलतंच काहीतरी सांगतात. मी म्हटलं 'पेला', तर मावशींनी फडताळातून पेला काढून दिला. मी म्हटलं 'पोन साल', तर एकीने कांद्याची सालं उचलून भांड्यात घातली. स्पॅनिशमध्ये 'साल' म्हणजे मीठ! सालं वेचून बाहेर काढेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, थोडं कांद्याचं आणि जास्त हसण्याचं. पण त्या दिवसानंतर त्या खोलीतलं कुणी 'साल' आणि 'पेला' विसरलं नाही. पाण्याला म्हणतात 'आग्वा', म्हणजे सुरुवात आगीने आणि शेवट पाण्यात. पावाला 'पान'. बटाट्याला 'पापा', त्यामुळे छोट्या मुलांनी सोललेल्या बटाट्यांचे पापे घेतले. आणि लसणीला काय म्हणतात माहीत आहे? 'आहो'. एक वहिनी नवऱ्यासमोर लसूण मागायला तयार होईनात. 'दामे आहो' म्हणताना लाजून लाल झाल्या. नुसता बसलेला नवरा तेवढ्यापुरता कामाला लागला.

दुसऱ्या शनिवारी मावशींच्या सुनेने एक शंका काढली. शंका मोलाची होती. 'कोर्ता', 'पेला' या तू म्हणायच्या आज्ञा आहेत, मग मी सासूबाईंना 'पेला' कसं म्हणू? हा प्रश्न मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडला नसता, कारण इंग्रजीला तो पडतच नाही. स्पॅनिशला पडतो. तिथे 'तू' म्हणजे तूच, अक्षरशः तोच शब्द, आणि मानाने बोलायचं तर 'उस्तेद'. मानाची आज्ञा करताना या बहुतेक क्रियापदांच्या शेवटच्या 'आ'चा 'ए' होतो. पोराला 'कोर्ता', सासूबाईंना 'कोर्ते'. पोराला 'लावा', सासूबाईंना 'लावे'. 'दामे'चं 'देमे', 'पोन'चं 'पोंगा'. मी हे सहाव्या आठवड्यात शिकवणार होते, ते दुसऱ्याच दिवशी झालं आणि एका दमात सगळ्यांना समजलं. 'आ'चा 'ए' केला की मान मिळतो, असं मावशींनीच सूत्र करून दिलं. (मावशी सोबत कराडहून विळी घेऊन आल्या होत्या. तिला स्पॅनिशमध्ये शब्द नाही. आमच्या वर्गात ती शेवटपर्यंत 'ला विळी'च राहिली.)

इथे भाषेच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मला तिचं फार अप्रूप वाटतं. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि मग नको तिथे अडखळतो. इंग्रजीत 'मी आंबा आवडते' अशी काहीतरी रचना असते. स्पॅनिशमध्ये ती चालत नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकांत तिच्यावर पानंच्या पानं खर्च केलेली असतात. स्पॅनिश म्हणतं 'मे गुस्ता एल मांगो', म्हणजे 'मला आंबा आवडतो'. 'मे' म्हणजे मला. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याच्या मागून जातं, आपल्याकडे जातं तसंच. डोळे बांधून चाखायचा खेळ आम्ही यासाठी खेळलो. पट्टी बांधलेल्या बाईच्या तोंडात एक फोड द्यायची. तिने पदार्थ ओळखायचा आणि 'मे गुस्ता' किंवा 'नो मे गुस्ता' सांगायचं. कारल्याला एकमताने 'नो'. वीस मिनिटांत सगळ्या जणी बिनचूक बोलत होत्या.

तसंच चवीचं. इंग्रजीत तिखटही 'हॉट' आणि गरमही 'हॉट'. स्पॅनिशमध्ये तिखट म्हणजे 'पिकांते' आणि गरम म्हणजे 'कालियेंते', अगदी आपल्यासारखे वेगळे. लिंगाचंही भय आपल्याला नाही. 'एल' म्हणजे तो, 'ला' म्हणजे ती. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन घरं, तिथे दोनच. ओट्यावर दोन टोपल्या ठेवल्या, एक 'एल'ची आणि एक 'ला'ची. भाजी उचलायची आणि नाव घेत टोपलीत टाकायची. आपला तो कांदा तिथे 'ला सेबोया' होतो, म्हणजे ती. आपली मिरची तिथे 'एल चिले', म्हणजे तो. मुलांना हा खेळ इतका आवडला की घरातले चमचे-चाकूही टोपल्यांत जाऊन पडले. आणि उच्चार! आपले त आणि द जसेच्या तसे चालतात. देवनागरीत लिहिलं तर स्पॅनिश जवळजवळ जसं बोलतात तसंच वाचता येतं. म्हणून डब्यांवरच्या चिठ्ठ्या आम्ही देवनागरीत लिहिल्या.

चौथ्या शनिवारनंतर वर्ग बाजारात गेला. मेक्सिकोत ठरलेल्या वारी रस्त्यावर बाजार भरतो, त्याला 'तियांगिस' म्हणतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधीचा, अ‍ॅझ्टेकांच्या भाषेतला. ताडपत्र्या, ओळीने भाज्या, ओरडणारे विक्रेते. आपला आठवड्याचा बाजार उचलून तिकडे ठेवल्यासारखा. विक्रेते बायकांना 'मार्चांता' म्हणून हाक मारतात, आपल्याकडे 'या ताई, या मावशी' असतं तसं. पहिला प्रश्न असतो, 'के ले दामोस?' म्हणजे 'काय देऊ?' आमच्या एकीने त्यावर ठसक्यात मराठीत सांगितलं, 'केळी नकोत, टोमॅटो द्या.'

पण त्याआधी बाजाराची रंगीत तालीम घरात झाली होती. खरा तराजू, खऱ्या भाज्या, खऱ्या पेसोंची नाणी. पाव किलो म्हणजे 'उन क्वार्तो', अर्धा किलो 'मेदियो किलो', पाऊण किलो 'त्रेस क्वार्तोस', दीड किलो 'किलो ई मेदियो'. तिथे लाल टोमॅटोला 'हितोमाते' म्हणतात. नुसतं 'तोमाते' म्हटलं तर हिरवं, कागदी सालीचं एक वेगळंच फळ हातात येतं. लिमोन मागितलं तर आपलंच हिरवं लिंबू मिळतं. सौदा झाल्यावर वरून मूठभर काहीतरी फुकट घालतात, त्याला 'पिलोन' म्हणतात. आपला भाजीवाला कोथिंबिरीची काडी टाकतो तसं. नांदेडच्या मुलीने पहिल्याच फेरीत पिलोन मागून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला नीट सांगता येत नाही. चार महिने ती दुपारी घराबाहेर पडली नव्हती.

शाकाहारी लोकांसाठी तिथे आणखी दोन शब्द फार कामाचे. एक 'मांतेका'. राजम्याची उसळ दिसायला निर्मळ असते, पण ती पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात आणि त्या चरबीला मेक्सिकोत 'मांतेका' म्हणतात. दुसरा 'कार्ने'. शब्दकोशात कार्ने म्हणजे मांस, पण 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', म्हटलं तरी ताटात कोंबडी येऊ शकते. बऱ्याच लोकांच्या लेखी कोंबडी ही कार्ने नाहीच! मावशींना हे कळल्यावर त्यांनी महिनाभर बाहेर फक्त फळं खाल्ली. फळं मात्र भरभरून. फोडींवर मीठ, तिखट आणि लिंबू मारलेला आंबा रस्त्यावर मिळतो. मावशी म्हणाल्या, हे तर आपलंच.

आणि खरंच, येण्याजाण्याची देवाणघेवाण मोठी आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, चिकू, पपई हे सगळं तिकडून आपल्याकडे आलं, बरंचसं पोर्तुगिजांच्या गलबतांतून. त्यांचेच शब्दही आले. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, बिजागरी त्यांची. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. त्यामुळे पगार हा शब्द ऐकून आमच्या वर्गाला आनंद झाला, तिकडे 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. चिंचेला म्हणतात 'तामारिंदो'. मुळात अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदचा खजूर. काजूची गंमत तर विचारू नका. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी तो गोव्याकडे आणला, आणि आज मेक्सिकोत त्याचं नाव आहे 'नुएस दे ला इंदिया', भारताचा सुकामेवा!

आता काकावाते. हा शब्द शिकवणं सगळ्यात अवघड होतं, कारण बाकी सगळं हातात घेऊन शिकवता येत होतं आणि हीच एक वस्तू त्या घरात आणता येत नव्हती. मुलगा वर्गात होता. मी पहिल्या दिवसापासून घरातला दाण्याचा डबा बाहेर काढला होता, ओटा आणि भांडी धुऊन घेतली होती. शेवटी मुलांकडून मातीच्या शेंगा करून घेतल्या. मातीच्या शेंगा, कागदाचं मासापान आणि धुऊन पुसलेली रिकामी पाकिटं, एवढ्यावर धडा उभा केला.

शब्दाची कुळकथाही सांगितली. नाहुआत्लमध्ये शेंगदाणा म्हणजे 'त्लालकाकावात्ल'. 'त्लाल' म्हणजे भुई, माती, आणि 'काकावात्ल' म्हणजे कोकोचं बी. मातीतला कोको. आपण काय म्हणतो? भुईमूग. मातीतला मूग. हजारो मैलांवरच्या दोन लोकांनी एकाच शेंगेकडे बघून एकच युक्ती केली. स्पॅनिशमध्ये पुढे 'भुई' गळून पडली आणि उरलं काकावाते. हे मोठ्यांसाठी. मुलाला त्याच्या आईने वेगळंच सांगितलं: दाणे खाऊन काकांना वात झाला, काका-वाते. ते त्याला जास्त पटलं.

मग प्रश्न. 'अमुक घातलंय का?' याला तिकडे म्हणतात 'येवा?' वर्गातली सावंतवाडीची बाई उडालीच. 'येवा म्हणजे या की!' बाकीच्यांनी लगेच 'कोकण आपलाच असा' पुरं केलं. पण 'येवा काकावाते?', म्हणजे 'यात शेंगदाणा आहे का?', हे वाक्य त्यामुळे पक्कं बसलं. त्याच्या जोडीला 'सोय आलेर्हिको आल काकावाते', मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आईने म्हणायचं तर 'मी इहो एस आलेर्हिको', माझ्या मुलाला आहे. आणि 'नो पुएदे रेस्पिरार', त्याला श्वास घेता येत नाही. हे तिसरं वाक्य शिकवताना कुणी हसलं नाही. फोन उचलायचा, ९११ दाबल्यासारखं करायचं, वाक्य म्हणायचं, पत्ता सांगायचा. आम्ही ते प्रत्येकीकडून दर शनिवारी करून घेतलं, नवऱ्यांकडूनही, कारण रात्री दोन वाजता कोण जागं असेल सांगता येत नाही.

पाकिटांवरचं वाचन त्यानंतर आलं. दोनच शब्दप्रयोग शोधायचे. 'कोंतिएने' म्हणजे यात आहे, आणि 'पुएदे कोंतेनेर' म्हणजे असू शकतं. पाकिटाच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी शिक्के असतात, मेक्सिकोत २०२० पासून ते सक्तीचे आहेत. पण ते साखर, मीठ, चरबी, उष्मांक जास्त असल्याचे. अ‍ॅलर्जीसाठी मागची बारीक अक्षरंच वाचावी लागतात. मुलांना भिंग देऊन हेरगिरी करायला लावली. एका रविवारी सुपरमार्केटमध्ये त्यांनी एका चटणीच्या बाटलीवर शेंगदाणा पकडला. 'साल्सा माचा' नावाची लाल तिखट, तेलकट चटणी. शेंगदाण्याच्या चटणीची चुलत बहीण शोभावी अशी.

पुढच्या मार्चमध्ये शाळेत एकाचा वाढदिवस होता. पिन्याता फोडली. ते कागदी मडकं असतं, आतून खाऊ सांडतो आणि मुलं त्यावर तुटून पडतात. ही गोष्ट मुलाच्या आईने मला सांगितली, ती फाटकाबाहेर उभी होती. त्याच्या मुठीत दोन वड्या आल्या. बाकीची पोरं कागद फाडत होती. हा उठून बाईंकडे गेला, हात पुढे केला आणि विचारलं, 'येवा काकावाते?' बाई म्हणाल्या, 'सी.' त्याने एक वडी परत दिली, दुसरी दाखवली. 'ई एस्ता?' आणि ही? दुसरी चिंचेची होती. ती त्याने खाल्ली. मग बाईंना म्हणाला, 'मे गुस्ता.' आई म्हणाली, ताई, मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

मी २०२४ च्या शेवटी पुण्याला परत आले. ग्वादालाहारातला शनिवारचा वर्ग आता ती चालवते. मातीच्या शेंगा तिच्याकडेच आहेत. इथे मी महिन्यातून दोन रविवार तिकडे जाणाऱ्या कुटुंबांचा वर्ग घेते, माझ्याच स्वयंपाकघरात, आठ माणसांच्या वर नाही, कारण ओटा तेवढाच आहे. मी काही स्पॅनिशची पदवीधर नाही. ज्यांना भाषा खोलात शिकायची आहे त्यांना मी रीतसर शिक्षकांकडेच पाठवते. माझ्याकडे बाजार, दुकान, शाळेचा डबा आणि दवाखाना एवढंच मिळतं. काही जण विचारतात, आता फोनच भाषांतर करून देतो, मग कशाला? माझी रोजीरोटीच अशा गोष्टींवर चालते, त्यामुळे मी फोनला नावं ठेवणार नाही. पण पिन्याता फुटली तेव्हा त्या मुलाच्या हातात फोन नव्हता.

वीस मिनिटं संपत आली. बाहेर व्हरांड्यात चार टेबलं लावलेली तुम्ही मघाशी पाहिली असतील. प्रत्येकावर कांदे, हितोमाते, चिले, लिमोन, सिलांत्रो म्हणजे कोथिंबीर, आणि साल. साल म्हणजे काय ते आता विसरायचं नाही. तुकड्या पूर्वीच्याच, अ, ब, क, ड. जेवणाआधी प्रत्येक तुकडीने आपापलं पातेलं भरायचं आहे. आज्ञा मी देणार नाही. पीटीच्या सरांना मी चहाच्या वेळी नऊ शब्द शिकवून ठेवलेत आणि त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. सर तुम्हाला 'कोर्ता' म्हणतील. तुम्ही सरांना काही सांगायचं झालं तर 'कोर्ते' म्हणा. चला, आधी हात धुवा. लावा!